वर उचलून, थोडी डावीकडं

गडहिंग्लजच्या मास्तरानं झेन विकताना
कागद दिले, स्टेपनी दिली,
आणि दाराशी उभं राहून सांगितलं:
किल्ली पूर्ण आत घालायची,
मग केसभर मागं,
वर उचलून, थोडी डावीकडं. जबरदस्ती करायची नाही.
सायरनचं काही बोलला नाही.

सायरन आपणहून बोलला
तिसऱ्या रात्री, दोन वाजून दहा मिनिटांनी.
वडगावातले माग नुकते थांबलेले,
दिवसभर खडखडाटात जेवणारी, भांडणारी गल्ली
त्या शांततेत कुठं डोळा लावत होती.
मी बनियनवर, हातात रिमोट,
दाबतोय, फुंकतोय, तळहातावर आपटतोय.
वरच्या खिडकीतून गंगव्वा ओरडली, निल्लसो!
मी मराठीत म्हटलं, थांबतच नाही हो.
मग ती मराठीतून शिव्या देऊ लागली,
मला नीट कळाव्यात म्हणून.

बॅटरीची वायर काढली. तरी ओरडतंय.
त्याच्या पोटात म्हणे वेगळी बॅटरी असते,
चोरानं वायर कापली तरी बोंब मारायची सोय.
कुठला चोर येणार होता
मालकालाही तीन खेपांशिवाय न उघडणाऱ्या गाडीला?
गोधडी टाकली बॉनेटवर,
आणि तापातल्या पोराजवळ बसावं तसा
पायरीवर बसून राहिलो उजाडेपर्यंत.

उद्यमबागेत यल्लोजीनं बॉनेट उघडलं.
कोपऱ्यात बोटाएवढं बटण, गंजलेलं.
'बॉनेट बंद हाय, हे म्हणतंय उघडलंय.
खोटं बोलत नाही ते,
खरं, चुकीचं कळतंय त्याला.'
(आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
पुण्याची मामेबहीण इथं दरवेळी अडखळते.)
पॉलिश पेपरनं घासलं, ग्रीसचा ठिपका दिला,
सायरनच्या पोटातली फुगलेली बॅटरी काढून
मूतखडा दाखवावा तशी
माझ्या हातावर ठेवली.
दीडशे रुपये. चहा त्याचाच.

किल्लीचं मात्र चालढकल झालं,
हिंडलग्याजवळ पोलिसानं थांबवलं तोवर.
नंबर एमएच शून्यनऊ, पत्ता वडगावचा,
त्यावरून थोडं त्याचं कन्नड, थोडं माझं,
दोघांचंही कामापुरतं.
मग निघायचं तर गाडी सुरू होईना.
पाच मिनिटं बघत राहिला,
शेवटी खिडकीतून हात घालून
किल्ली वर उचलली, थोडी डावीकडं.
'आमच्या मेव्हण्याकडं हीच गाडी होती,' म्हणाला, शुद्ध मराठीत.

खडेबाजारात मौलालीचं दुकान
एका दारापेक्षा रुंद नाही.
त्यानं किल्ली उजेडात धरली.
'हिची डुप्लिकेट नको. झिजलेल्यावरनं काढली
तर झीजच छापून येती. कुलूप काढून आणा.'
आणलं. त्यानं आतल्या पत्र्या एकेक मोजल्या,
ओठ हलत होते, कुठल्या भाषेत ते कळलं नाही,
आणि कोऱ्या पितळेतून कापली
कारखान्यानं पहिल्या दिवशी कापली असेल तशी.

लावली. फिरेना.

'कुलूपबी झिजलंय सायेब. हिच्यासंगंच.'
मग कानस घेतली,
आणि त्या लखलखीत किल्लीला
दोन दातांवर, मग तिसऱ्यावर,
फुंकर मारत, परत परत लावून बघत
गरजेपुरती म्हातारी केली.

आता सरळ फिरते.
खरं, माझा हात अजून तिला वर उचलतो,
आणि मग कुठं काय अडलंय शोधत
तसाच थांबतो जरा वेळ.

काल गंगव्वानं खिडकीतून विचारलं,
गाडी विकलास काय गा?
आहे की, म्हटलं.
'आवाज नाही कुठं,' म्हणाली,
आणि खिडकी ओढून घेतली.