पान दोनशे बारा

सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहाटे साडेपाच.
डुलूथच्या डायलिसिस केंद्रात पहिली येते वर्ना हाल्वोर्सन.
तीस वर्षं शाळेची बस चालवली तिनं,
अजून दारातून आत येताना एकदा मागे वळून बघते,
कुणाचं पोर मागे राहिलं तर नाही.

मी तिच्या डाव्या हातात दोन सुया घालते.
तो हात आता चार तास हलणार नाही.
उजव्या हातात पुस्तक. पान अंगठ्यानं उलटायचं,
शिंक आली तर हनुवटीखाली दाबून धरायचं.

पुस्तकं सगळी एकाच जातीची:
मुखपृष्ठावर सिरिंज, मागे हिरवट कॉरिडॉर,
आणि आत एक इस्पितळ, जिथे बरे होत आलेले रोगी
नेमके गुरुवारी रात्री मरतात.

मी तिच्या खांद्यावरून वाचते आणि कुरकुरते:
अहो, त्या कपाटाला दोन किल्ल्या असतात.
कुठला सर्जन रात्री दोनला
स्वतः रक्ताची नळी घेऊन लॅबकडे धावतो?
आणि इतक्या गोऱ्यापान टाचांच्या चपला
कुठली नर्स घालते?
वर्ना म्हणते, तू मशीन बघ.

एकदा मात्र विचारलंच.
इथे बसून, हेच कसं वाचवतं तुम्हाला?
ती बर्फाचा एक खडा जिभेखाली धरून
(दिवसाला पाणी मोजकंच)
बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.
तळ्यावर खनिजाचं जहाज, जागच्या जागी गोठल्यासारखं.

म्हणाली, माझ्या दोन्ही किडन्या गेल्या.
कुणी नेल्या? साखरेनं. वयानं.
हार्लनचं हृदय? झोपेतच थांबलं.
कुणाचा हात नाही, कुणाचं नाव नाही,
पकडून विचारावं, का रे बाबा, असं कुणीच नाही.
इथे निदान तीनशे नव्वद पानांनंतर
एक माणूस सापडतो.
त्याच्या हातात मोजे असतात.
त्याला कारण असतं.

त्यानंतर मी कपाटाच्या किल्ल्यांबद्दल बोलले नाही.

आताचं पुस्तक दान आलेल्या खोक्यातलं.
समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, बारीक, डावरं:
पान एकोणीस, *हा नव्हे, हा फार गोड बोलतो.*
पान अठ्ठ्याऐंशी, *भूलतज्ज्ञ. पैज.*
पान एकशे चाळीस, *पैज मागे घेतो.*
आमच्या या गोठल्या मुलखात पाल नाही औषधाला,
पण या माणसाच्या समासात
शंकेची पाल पानोपान चुकचुकते.
पान दोनशे बारा, *पुन्हा तोच दरवाजा. का?*
पुढे कोरं.
दोनशे तेरा कोरं, तीनशे कोरं, शेवटपर्यंत कोरं.

वर्नानं मला बोलावलं. पान दाखवलं.
कंटाळला असेल, मी म्हणाले.
घरी गेला असेल, नवं मूत्रपिंड मिळालं असेल,
पेन्सिल हरवली असेल.
मशीन टिकटिकत होतं.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं,
जसं तिच्या पुस्तकातले हवालदार
खोटं बोलणाऱ्या डॉक्टरकडे बघतात.

खुनी कोण ते तिनं त्या दिवशी वाचलंच नाही.
पुस्तक उलटंपालटं करत राहिली,
पहिल्या पानावर नाव आहे का, मागे तारीख आहे का.
आत एक मिळालं, बसचं जुनं तिकीट,
त्यावर हायवे फर्स्ट, एवढंच वाचता येत होतं.

आज शुक्रवार. वादळात रस्ते बंद.
साडेसहा झाले तरी तिची खुर्ची रिकामी.
फोन लागत नाही, म्हणजे या हवेत कुणाचाच लागत नाही.
मी पुस्तक उघडलं.
दोनशे तेराव्या पानाच्या समासात
निळ्या पेनानं, मोठ्या, बस चालवणाऱ्या अक्षरात:
*दरवाजा आतून बंद होता. थांब, मी येते.*

सात वाजून दहा.
बाहेर बर्फ खरवडणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा
गोल गोल फिरतोय.
मी खुर्चीवर धुतलेली चादर घालते,
सुया अजून फोडत नाही.