डावखुरी

शाळेच्या बॉयलरवर माझी रात्रपाळी.
बाहेर उणे एक्कावन्न.
आत कोळसा, वाफेची दोन घड्याळं, त्यातलं एक थापाडं,
आणि शिकंज्यात आवळलेली एक म्हातारी कानस.
ट्रॅक्टर डेपोतली. माझ्या बापाची, ब्योत्युरची.
दात झिजून गुळगुळीत,
त्याच्या शेवटच्या वर्षासारखे.

आधी निखाऱ्यात लाल केली, मग राखेत पुरली.
सकाळी निघाली ती मऊ,
भांडण विसरलेल्या माणसासारखी.
आता दुसरी कानस, न्युर्बाच्या दुकानातली, नवी,
हिच्यावर चालवायची.
जाताना दाब, येताना उचल.
येताना टेकवलीस तर दात जातात,
बाप म्हणायचा.
दातांत खडू चोळतो, फळ्याखालून उचललेला,
म्हणजे कीस अडकत नाही.
खर्र. खर्र. मग कोळशाचं एक फावडं. मग खर्र.

आमच्याकडे सुरीचा एक गाल फुगीर, एक सपाट,
आणि सपाट गालावर लांब पन्हळ.
कुठला गाल सपाट, ते हात ठरवतो.
आणि विल्युईच्या या काठावर हात एकच: उजवा.

नारिया, माझ्या बहिणीची नात, वय अकरा.
डाव्या हाताने लिहिते, डाव्या हाताने बर्फाचे गोळे मारते, नेम धरून.
बहिणीने चमचा उजव्या हातात देऊन पाहिला, वर्षभर.
तो डावीकडेच जायचा,
गाय गोठ्याकडे जाते तसा.
गेल्या हिवाळ्यात गोठलेला मासा तासताना
आमची सुरी तिच्या हातात आत आत शिरत गेली,
तिरकी, अंगठ्यापर्यंत. चार टाके.
सगळे म्हणाले, पोरीचा हातच वाकडा.
मी सुरीकडे बघत होतो.

पन्हळ काढायला गोल कानस आणि सहा रात्री.
माझा हात चाळीस वर्षांच्या सवयीने
पातं उलटं करून जुन्याच गालाकडे वळतो.
दुसऱ्या रात्री दोन ओरखडे तिकडे पडलेच.
घासून काढता आले असते. ठेवले.

मग पाणी द्यायचं.
म्हणायचं पाणी, द्यायचं तेल:
सूर्यफुलाचं, शाळेच्या स्वयंपाकघरातून उसनं.
भट्टीतल्या पात्याला लोहचुंबक लावून पाहिलं.
धरेना, तेव्हा बुडवलं.
भडका उठला, माझी एक भुवई गेली.
आणि कानस पातं चाटून घसरली, एक कणही न घेता.
आता ही काचेसारखी, पडली तर दोन तुकडे.
म्हणून मात्रोनाच्या भट्टीत, पावांच्या शेजारी,
वाळल्या गवताचा रंग चढेपर्यंत.
मात्रोना म्हणाली, पावाला लोखंडाचा वास लागला तर?
मुलांनी पाव खाल्ले. कुणी काही बोललं नाही.

मूठ बर्चच्या गाठीची.
झाडाला कधीतरी काही झालं असेल तिथे रेषा गुंततात,
आणि असं लाकूड उकलत नाही.
नारियाच्या मुठीचं माप मी ओल्या मातीत घेतलं होतं,
खेळ आहे असं सांगून.

रविवारी तिने मासा उभा धरला, नाक खाली,
आणि सुरी चालवली.
पातळ काप सुटला, वळला,
आमचे वळतात त्याच्या उलट.
ती बोलली नाही. दुसरा काढला. तिसरा.
बहीण चुलीपाशी काहीतरी शोधत राहिली.

मग मी म्हटलं, बघू,
आणि माझ्या उजव्या हातात घेतली.
मी घासलेली, मी भाजलेली,
माझ्या भुवईची किंमत लावलेली सुरी
मासा सोडून तिरकी माझ्याकडे आली.
रक्त फार नव्हतं.
नारियाने ती काढून घेतली, शर्टाला पुसली,
आणि म्हणाली,
आजोबा, तुम्ही वाकडी धरता.