सहा हजारांच्या पुढे

शेफील्डचा चढ चढून धापा टाकत मी
त्या दुकानात शिरते, जिथे लोक आत येताना
पायांबरोबर आवाजही पुसून घेतात.
कॅलम नावाचा मुलगा. तेवीसेक वर्षांचा. नखं स्वच्छ.
सराफासारखा मखमलीवर तीन हेडफोन मांडतो
आणि किंमत विचारल्याशिवाय सांगत नाही.
मी विचारते.

दोनशे ऐंशी पौंड. नऊशे.
तिसऱ्याची सांगताना किंचित खाली बघतो:
तीन हजार चारशे.
आमचा बॉयलर याहून स्वस्तात बसला होता,
आणि तो निदान ऊब देतो.

पहिला घालते.
बेस थेट छातीत येतो, चपला न काढता,
डग्ग्यावर कुणी कोपर रेटून बसल्यासारखा.
व्हायोलिनं बिचारी स्वयंपाकघराच्या दारात ताटकळत.
दुसऱ्यात सगळ्यांना पाट मिळतो.
बेस आहे, पण मांडी घालून.
तिसरा घालते
आणि थांबते.
गाणं तेच. पाटही तेच.
"फरक कळला?" कॅलमचे डोळे विचारतात.
मी मान अशी हलवते
की हो म्हणता येईल आणि नाहीही.

आता सांगायलाच हवं, हे माझं रोजचं काम आहे.
हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, फोम लावलेल्या खोलीत
मी लोकांच्या कानांवर हेडफोन चढवते,
सरकारी, कडेला टेप चिकटवलेले,
आणि म्हणते, बारीकसं टूँ ऐकू आलं तरी बटण दाबा.
अडीचशे. पाचशे. हजार.
चार हजारांशी मिस्टर ऑल्डरॉइडचा आलेख विहिरीत पडतो.
एकतीस वर्षं फोर्जमध्ये, घणाशेजारी.
"खालचे सूर येतात की," म्हणाले,
"ते हाडांतून येतात. त्यांना कान लागत नाहीत."
मी हसले आणि कागदावर टिंब दिलं.

मार्चमध्ये एकदा जेवणाच्या सुट्टीत
माझीच चाचणी घेतली.
बटण माझ्या हातात, मशीनही माझ्याच.
सहा हजारांपर्यंत ठीक.
पुढे नुसता दिवा लागत होता,
आणि दिव्याकडे बघून मी बटण दाबणार होते.
नाही दाबलं.
घरी सांगितलं नाही. वय बावन्न, त्यात काय सांगायचं.

म्हणजे हिशेब असा:
नऊशे आणि चौतीसशे यांच्या मधे
जी अडीच हजार पौंडांची जागा आहे
तिथे मी आता राहत नाही.
राहायचे तेव्हा इचलकरंजीत होते,
वॉकमनच्या हेडफोनचा फोम झडलेला,
एक कान माझा, एक नलूचा,
आणि सेल संपत आले की गायक हळूहळू म्हातारा व्हायचा.

मी तिसरा काढते आणि कॅलमच्या डोक्यावर ठेवते.
"तू ऐक. वर काय काय आहे ते मला सांग."
तो गोंधळतो. गिऱ्हाईक असं करत नाही.
मग डोळे मिटतो.
"झांजेवर ब्रश. तारांचा. एकेक तार सुटी."
"अजून?"
"ओळ सुरू करण्याआधी ती ओठ उघडते.
ते उघडणं ऐकू येतं."
"अजून?"
"खोली. खोलीला कोपरे आहेत."
मग तो बराच वेळ गप्प,
आणि मी त्याचा चेहरा ऐकत उभी.
बाहेरून ट्राम जाते. तिचा बेस
फरशीतून माझ्या टाचांना कळतो.

दोनशे ऐंशीवाला बांधून घेते.
"नऊशेवाला जास्त संतुलित आहे," तो प्रामाणिकपणे म्हणतो.
असेल. मला छातीत हवंय.

पावती देताना तो काहीतरी पुटपुटतो,
हळू, नुसत्या स आणि फ यांनी बनलेलं.
मी त्याच्या ओठांकडे बघते,
अंदाज बांधते,
आणि म्हणते, "तुलाही."