एक वीत

यादीत नाव लागलं. फर्मागुढी, मेकॅनिकल.
वर्ग सुरू व्हायला सहा आठवडे होते,
आणि कुणीतरी सांगून ठेवलेलं:
ते सॉफ्टवेअर तुम्हांला येतंच असं धरून चालतात तिथं.

आग्नेल तारवावर गेला तेव्हा
त्याचा जुना लॅपटॉप चोडणला आमच्याकडे राहिला.
एक बटण रुतलेलं, बाकी ठीक.

पहिल्या दिवशी कळलं,
इथं मोजणी एकापासून सुरू होते, शून्यापासून नव्हे.
दुसऱ्या दिवशी:
ओळीच्या शेवटी अर्धविराम दिला
तर यंत्र उत्तर काढतं, पण बोलत नाही.
मला बाबा आठवले.
ते मानशीवर गेले होते, ओहोटीला दार उघडायला.

सरावाला आकडे हवेत.
पुस्तकातले आकडे कुणाचेच नव्हते.
मग खुंटीवरच्या पिशवीतून मी बाबांची वही काढली:
तिथी, आणि मानशीच्या खांबावर पाणी किती चढलं ते.
तीन वीत चार बोटं. साडेचार वीत.
अष्टमीला भांग, अमावास्येला उधाण,
मधेच सुंगटांचा भाव,
एका पानावर उगीचच कुर्ली काढलेली.

वीत म्हणजे काय?
तांबड्या अक्षरांत यंत्रानं विचारलं.
रात्रभर खाजनात जागून
बाबा दुपारी सोप्यावर निजले होते.
पट्टी घेऊन गेले, पंजा हळूच ताणला.
ते जागे झाले नाहीत,
किंवा झाले, आणि हलले नाहीत.
एकवीस सेंटिमीटर, दोन रेघा.
करंगळी पुरती सरळ होत नाही त्यांची.
वीत बरोबर एकवीस पूर्णांक दोन;

साठ तिथ्या भरल्या.
लांबी जुळत नाही, यंत्र म्हणालं.
तिथ्या साठ, पाणी एकोणसाठ.
श्रावण वद्य तृतीयेपुढं वही कोरी.

"त्या दिसा पेन नाशिल्लें," बाबा म्हणाले.
जरा थांबून,
"उदक आशिल्लें."

अशा जागेसाठी तिथं एक खूण आहे: संख्या नाही.
ती घातली आणि वक्र उमटला,
चढला, उतरला, चढला,
आणि एका ठिकाणी तुटला.
शेजारच्या आकड्यांवरून मधलं भरून काढायची
आज्ञाही असते, सातव्या प्रकरणात.
मी तिथवर पोचले नव्हते.

बाबांनी चष्मा लावला.
चढउतार त्यांनी पाहिलेच नाहीत,
फट तेवढी पाहिली.
मग फटीच्या रेषेत बोट वर वर नेत
पडद्याच्या बाहेर, प्लास्टिकच्या कडेवर टेकवलं.
"हांगामेरेन," म्हणाले,
आणि पेजेला बसले.

कडेवर बोटाचा डाग राहिला,
चिखलाचा, थोडा मिठाचा.
रात्री मी उभ्या अक्षाची मर्यादा वाढवून पाहिली.
वक्र लहान झाला.
डाग होता तिथंच.