दात कोरून

हौसेला मोल नसतं म्हणतात.
माझ्या हौसेला होतं: चार हजार दोनशे पौंड,
तपकिरी पाकिटात, रबरबँड घालून,
कोटाच्या आतल्या खिशात.
त्यातले दोनशे, वाटेत बंद पडली
तर ओढून आणायला.

एकतीस वर्षं, फ्रेझरबर्गच्या बंदरामागे,
डॉक्टर गेडिस दाढा पोखरत राहिले
आणि मी शेजारी उभी, लाळ ओढायची नळी धरून.
दात कोरून पोट भरत नाही.
माझं भरलं, दुसऱ्यांचे कोरून:
कोळ्यांचे, मासे कापणाऱ्या बायांचे,
एका पाद्र्याचे, जो भूल घ्यायचाच नाही.

हंटलीच्या पलीकडे, सातूच्या शेताच्या कडेला पत्र्याची शेड.
आर्ची डथी म्हणाला, चहा नंतर, आधी गाडी बघा.
ट्रायम्फ स्पिटफायर, सत्त्याहत्तर सालची.
लाल. इतकी लाल
की शेडमधल्या कोंबड्यासुद्धा जरा लांबून चालत होत्या.
तिचं बॉनेट अख्खं पुढे उलटतं
सुसरीनं जबडा वासावा तसं.
माझ्या तोंडून निघणारच होतं:
अजून थोडा मोठा आ करा.

मग मी पिशवीतून लोहचुंबक काढलं,
रंगाला ओरखडा नको म्हणून मोज्यात घातलेलं.
बॉनेटला चिकटलं.
दाराला चिकटलं.
दाराखालच्या उंबऱ्याला लावलं
आणि मोज्यासकट खाली पडलं.

गुडघे टेकून बोटानं ठोकत गेले.
टक्. टक्. टक्.
थप्.
हा थप् मला झोपेतही ओळखू येतो.
वरून गुळगुळीत, आत कोणी राहत नाही.
हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, हे ठाऊक होतं;
हत्ती लाल निघेल असं वाटलं नव्हतं.

आर्चीनं नजर चुकवली नाही.
'पुट्टी आहे. आमच्या रॉरीनं भरली,
एकोणीस वर्षांचा होता. वेल्डिंग येत नव्हतं त्याला,
रंग छान द्यायचा.'
मी जरा थांबले. विचारावं की नाही.
'आता कॅलगरीत असतो,' तो म्हणाला, 'ट्रक विकतो.
तुमच्याआधी चार जण आले. चौघांनी आरशातून
स्वतःलाच बघितलं. ठोकून कोणी पाहिलं नाही.'

डॉक्टर गेडिस सांगायचे,
सापडलेली कीड स्वस्त, न सापडलेली महाग.
बॅन्फचा वेल्डर दोन्ही बाजूंचे हजार घेईल, वर चहा.
आर्चीचा भाव चार हजार. मी अठ्ठावीसशे म्हटलं.
तो शेताकडे बघत राहिला, बराच वेळ,
जणू सातूला विचारत होता.
एकतीसशेला तुटलं, वर एक जादा गिअरबॉक्स,
जो मला उचलला नाही
आणि अजून त्याच्याच शेडमध्ये आहे.

परतताना हीटर बंद होईना, जुलैमध्ये.
छताच्या फटीतून वारा शिट्टी घालत होता,
पेट्रोलचा काटा सदा भरल्या पोटाचा.
इतकी खाली बसले होते
की मेंढ्या माझ्याकडे बरोबरीच्या नात्यानं बघत होत्या.
टरिफच्या पंपावर लॉरीवाल्यानं खिडकीतून वाकून विचारलं,
केवढ्याला?
पाच हजार, म्हटलं.
रात्री फोनवर बहीण, एफी: केवढ्याला?
दीड हजार, म्हटलं.
एकाच दिवसात दोन थापा, दोन्हींत मी खूश.

झोप येईना. गॅरेजचा दिवा लावला,
निवृत्तीच्या दिवशी न सांगता आणलेलं
एक बारीक आकडीचं हत्यार घेतलं,
उशी घेतली गुडघ्याखाली, आणि उंबरा कोरायला बसले.
पुट्टी गुलाबी निघाली, हिरडीसारखी.
खाली भोक, माझी दोन बोटं जातील एवढं,
कडा कुरकुरीत, पण वरचा पत्रा जाड, शाबूत.

'जरा दुखेल,' मी तिला म्हणाले.
सवयच तशी.