शेऱ्याचा रकाना

अराल्स्कच्या तिसऱ्या सायडिंगला
एक तेलाचा टँकर उभा आहे, चाकं वाळूत रुतलेली.
पोटावर पांढऱ्या रंगात आठ आकडे होते:
सात तीन नऊ तीन नऊ एक तीन तीन.

उल्मेकेन वाघिणींचे नंबर उतरवून घ्यायची.
रात्रपाळीला कंदील, वही आणि शिसपेन्सिल,
कारण उणे पंचविसात शाईला बोलता येत नाही.
मी नवा, मागून बॅटरी धरून.
शेवटचा आकडा पहारेकरी, ती म्हणायची.
पहिल्या सातांना एकाआड एक दुप्पट कर,
दोन अंकी झाला तर त्याचेच अंक मिळव,
सगळी बेरीज मांड,
पुढच्या दहाला जितके कमी, तितका शेवटी हवा.

छत्तीस आले.
म्हणजे चार हवा होता.
रंगाऱ्याने तीन काढला होता.

चूक, असं लिहून पुढच्या डब्याकडे जायचं असतं.
ती गेली नाही.
चार असता तर दोनाने फटकन तुटला असता, म्हणाली,
हा तीन बघू कशाने तुटतो.

तीनाने तुटेना. साताने तुटेना. अकरा, तेरा, सतरा.
दोन हिवाळे ती भागत बसली
मालगाड्यांच्या मधल्या वेळात, शेगडीशेजारी,
जुन्या बिलट्यांच्या कोऱ्या पाठीवर,
आठ हजार पाचशे सत्त्याण्णवपर्यंत.
दर वेळी काहीतरी बाकी.
ह्यात अर्थ काय, मी विचारलं.
अर्थ असता तर रेल्वेने फॉर्म छापला असता.

मग वारा.
समुद्र केव्हाच निघून गेलेला, मीठ मागे ठेवून,
आणि मीठ उजवीकडून यायचं.
एका वसंतात शेवटचा तीन गेला.
आता मोडेल, मी म्हटलं. मोडला नाही.
आणखी एक तीन गेला. नाही.
एक गेला, नऊ गेला,
सात हजार तीनशे त्र्याण्णव, सातशे एकोणचाळीस,
उल्मेकेन दर वेळी चष्मा पुसून नव्याने भागायची
आणि दर वेळी
जे उरलं होतं ते मूळचंच निघायचं.

एकदा रागाने मी उलटं केलं.
वहीत आठांपुढे नववा आकडा जोडला.
एक जोडला, तीनाने भाग गेला. सात जोडला, तीनानेच.
सम, शून्य, पाच तर विचारायलाच नकोत.
तीन आणि नऊ उरले. तिने आठवडाभर शोधलं
आणि दोन्ही कुठेतरी फुटलेच.
इथे रूळ संपतात, म्हणाली,
आणि बफरकडे बोट दाखवून चहा ओतला.

परवा गेलो होतो. त्र्याहत्तरातला तीनही उडालाय.
सात आहे. सात म्हणजे टँकर,
आमच्या नियमावलीत एवढंच अजून खरं.

तिची वही माझ्याकडे आहे.
त्या रात्रीच्या ओळीत आठही आकडे, तीन ठळक गिरवलेला,
पुढे तपासणी: नापास.
आणि शेऱ्याच्या रकान्यात,
चाकं वाळूत असलेल्या त्या टँकरासाठी,
एकच शब्द:
चालेल.