पुलावरचं वजन

आमच्या वस्तीला नाव नव्हतं.
पाकिटावर 'मालधक्क्यामागे, अंकली' असलं तर पोस्टमन यायचा,
नसलं तरी कृष्णा यायची,
दर चार-सहा वर्षांनी, उंबऱ्यापर्यंत.

बावीस घरं. भिंती जुन्या स्लीपरच्या.
उन्हाळ्यात डांबर पाझरायचं,
भाकरीलासुद्धा त्याचा वास.
आईने एक खिळा ठोकायला दुपार घातली
आणि दोन वाकवून ठेवले.
बाप म्हणाला, एवढ्या गाड्या अंगावरनं गेल्यात त्याच्या,
ते काय तुझ्या खिळ्याला भीतंय.

रेक लागला की वस्ती उठायची.
रात्रीचे अडीच असोत,
बंदेनवाज मुकादम आकड्याने पत्रे वाजवत फिरायचा :
नऊ तासांत डबे मोकळे, नाहीतर दंड.
दंड कुणाला बसतो ते शेवटपर्यंत कळलं नाही,
पळायचे मात्र आमचे.
साखर जायची. सिमेंट यायचं, खत यायचं.
आज पाठीवर काय होतं
हे बापाच्या खोकल्यावरून ओळखू यायचं,
साखर असली तर मुंग्यांवरून,
त्या त्याच्या मागोमाग दारातून आत.

कुठूनतरी वरून मळीचं पाणी सुटलं
की नदी कोऱ्या चहासारखी, मासे उताणे.
तानव्वा कोरवी पाटी घेऊन निघायची.
मेल्यालं हाय की गं, म्हटलं तर म्हणायची,
बाजारात जितं कुठं मिळतंय?

माझ्या बापाला, दऱ्याप्पाला, एकच चित्र येत होतं.
डबा मोकळा झाला की खडूने
दारावर बैल काढायचा.
तीन पायांचा. चौथ्याच्या जागी कडी यायची.
तो बैल कुठं कुठं गेला असेल,
आम्ही मुलं नकाशात बोट फिरवायचो :
रायपूर, गोंडा, हल्दिया.
आणि एका पौषात एक डबा परत आला,
बैल तसाच, पुसट,
कडीला वळसा घालून कुणीतरी
चौथा पाय काढलेला
आणि खाली दोन अक्षरं.
पारिसा मास्तर म्हणाले उडिया, बंदेनवाज म्हणाला बंगाली.
बाप काहीच म्हणाला नाही.
त्या दिवशी त्याने तो डबा सगळ्यात शेवटी भरला.

मग ते पाणी आलं.
आम्ही शाळेच्या गच्चीवर, वस्ती दिसेनाशी,
आणि रेल्वेने काय केलं, तर
खडीने भरलेले डबे पुलावर आणून उभे केले.
इंजिन काढून नेलं.
पूल वाहून जाऊ नये म्हणून त्यावर वजन.
आई कठड्याला धरून बघत राहिली.
म्हणाली, वजनानं माणूस वाकतंय,
मग पूल कसा टिकतोय वं?
बाप म्हणाला,
पुलाला चाल म्हणत न्हाई कुणी.

दोन रात्री ते डबे तिथंच.
पाणी गर्डरला घासत होतं,
त्याचा आवाज गच्चीवर यायचा, दात खाल्ल्यासारखा.
तिसऱ्या सकाळी बापाने बोट केलं :
मधल्या डब्यावर बघ, बैल.
मी बघितलं. गंज होता, पाऊस होता.
त्या पावसात खडू राहत नाही
हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.
दिसला का, त्याने पुन्हा विचारलं.
मी म्हटलं, पाय मोजतेय.

पूल राहिला.
बावीसपैकी पाच घरं राहिली, त्यातलं आमचं नव्हतं,
भिंतीचा एक स्लीपर मात्र
खाली बाभळीत अडकलेला सापडला,
आईच्या खिळ्यासकट.

आता मी कुपवाडला वजनकाट्यावर असते.
भरलेला ट्रक लिहिते, रिकामा लिहिते,
मधला फरक लिहिते.
मालगाड्या आता इथं थांबत नाहीत.
फाटकात अडकले तर डबे मोजायला लागते,
अठ्ठावन्न, एकोणसाठ,
आणि मागचे हॉर्न मारायला लागतात.